एक ताट जास्तीचं

दोघांचा संसार, आणि दोरीवर पाच जणांचे कपडे. नवराबायको दोघंही खाली दुकानात, आणि वरच्या मजल्यावर संडासाची साखळी ओढल्याचा आवाज. पाववाल्याकडून रोज एक पाव जास्त, कचऱ्याच्या डब्यात बटाट्याच्या सालीही जरा जास्तच. घरात कुणी लपलंय हे शेजारणीला कळायला एवढं पुरेसं होतं. १९४२ ते १९४५ या काळात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये ज्यांनी ज्यूंना घरात घेतलं, त्यांना या बारीकसारीक गोष्टींचा हिशेब रोज ठेवावा लागला. बहुतेक वेळा तो ठेवणारी त्या घरातली बाईच असे.

या काळावरच्या कादंबऱ्यांना आणि सिनेमांना दुसरं दृश्य प्रिय आहे. मध्यरात्री दारावर थाप, जिन्यावर बूट, खोट्या भिंतीमागे श्वास रोखून बसलेलं कुटुंब. तसं घडलं हे खरंच आहे. पण ज्या घरात ते घडलं तिथंही एकदा-दोनदा. बाकीचे शेकडो दिवस गेले ते शिधा जमवण्यात, भरवशाचा डॉक्टर शोधण्यात आणि एका खोलीत कोंडून राहिलेल्या माणसांची भांडणं मिटवण्यात. धाडस लागायचंच, पण ते स्वयंपाकघरात आणि सरकारी कचेरीच्या टेबलावर दाखवावं लागायचं.

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. पाच दिवसांत, रॉटरडॅमवर बॉम्ब पडल्यावर, सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली. राणी विल्हेल्मिना आणि तिचं मंत्रिमंडळ लंडनला गेलं. देशात तेव्हा सुमारे १,४०,००० ज्यू होते, त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या ॲमस्टरडॅममध्ये. पळून जायचं तर कुठं? पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खुद्द जर्मनी, दक्षिणेला बेल्जियम, तेही जर्मनांच्याच ताब्यात. देश तळहातासारखा सपाट. डोंगर नाहीत, दाट जंगल नावापुरतं. जीव वाचवायचा तर कुणाच्या तरी घरातच शिरायला हवं होतं.

त्यात डच नोंदणी खात्याचा चोखपणा आडवा आला. १९४१च्या जानेवारीत ज्यूंनी नावं नोंदवावीत असा हुकूम निघाला आणि कायदा पाळायची सवय असलेल्या जवळजवळ सगळ्यांनी ती नोंदवली. लोकसंख्या नोंदणीचा प्रमुख याकोब लेन्ट्झ यानं नवं ओळखपत्र तयार केलं: फोटो, बोटाचा ठसा, खास कागद आणि विशिष्ट दिव्याखाली धरली की खोटेपणा उघडा पाडणारी शाई. त्याची नक्कल करणं महाकठीण होतं. ज्यूंच्या ओळखपत्रावर मोठा ‘जे’ छापलेला असे. मे १९४२मध्ये छातीवर पिवळा तारा लावायची सक्ती झाली आणि जुलैत वेस्टरबोर्कच्या छावणीतून पूर्वेकडे आगगाड्या सुटू लागल्या.

विरोध झालाच नाही असं नाही. ज्यू तरुणांची धरपकड झाली तेव्हा २५ फेब्रुवारी १९४१ रोजी ॲमस्टरडॅमच्या ट्रामवाल्यांनी आणि गोदी कामगारांनी संप पुकारून शहर बंद पाडलं. दोन दिवसांत तो गोळ्या घालून मोडण्यात आला. दोन वर्षांनी, २७ मार्च १९४३च्या रात्री शिल्पकार खेरिट व्हान डेर फेन, चित्रकार विलेम आरोंडेयस आणि त्यांचे साथीदार पोलिसी गणवेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरले आणि त्यांनी कार्डांच्या कपाटांना आग लावली. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी मुद्दाम वेळ काढला, आणि जे जळलं नव्हतं ते पाण्यानं चिंब केलं. त्या जुलैमध्ये कटातल्या बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

पण आगीमुळे वाचलेल्या माणसाला खायला कोण घालणार?

रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या मराठी वाचकाला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. पाव, लोणी, मांस, साबण, कोळसा, बूट, सगळं कूपनावर. कूपनं मिळायची मूळ शिधापत्रिका दाखवून. जो भूमिगत झाला तो सरकारदरबारी नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर त्याची कूपनंही. दोन माणसांच्या शिध्यात चार-पाच जणं जगवायची तर यजमानीण काळ्या बाजारात उभी राहणार. तिथं पैसा लागणार, आणि रोज जास्तीचं धान्य घेऊन जाणारी बाई लोकांच्या नजरेत भरणार. त्यामुळे आसरा देणाऱ्या घराच्या मागं बघता बघता एक आख्खं खातं उभं राहिलं: कूपनं पळवणारे, ओळखपत्रं बनवणारे, ती सायकलवरून पोचवणाऱ्या तरुण मुली.

ॲन फ्रँकची रोजनिशी मराठी घरांत पोचली आहे, पण तिच्यातल्या या बाजूकडे लक्ष जातं ते दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात. प्रिन्सेनग्राख्टवरच्या कचेरीमागच्या खोल्यांत आठ माणसं ६ जुलै १९४२ नंतर जमत गेली आणि ४ ऑगस्ट १९४४ला पकडली गेली. तोवर ती तगली ती दार झाकणाऱ्या फिरत्या कपाटामुळे, आणि तितकीच पिशव्यांमुळे. कचेरीतली मदतनीस मीप गीस हिचा नवरा यान भूमिगत चळवळीतून कूपनं मिळवायचा. व्हान हूव्हे नावाचा भाजीवाला काही न विचारता बटाटे बाजूला काढून ठेवायचा. पाव एका ओळखीच्या बेकरीतून, दूध कचेरीतल्या दुसऱ्या मदतनीस बेप हिच्या हातून. मार्च १९४४मध्ये कूपनं पुरवणारे दोघं पकडले गेले तेव्हा लपलेल्यांचं जेवण लगेच आक्रसलं. मे महिन्यात भाजीवालाही पकडला गेला, कारण त्यानं स्वतःच्या घरात दोन ज्यू लपवले होते. मीप आणि यान यांनीही आपल्या घरी एका विद्यार्थ्याला दडवलं होतं, आणि ते मागच्या खोल्यांतल्यांना सांगितलं नव्हतं. जेवढं कमी माहीत, तेवढं तुरुंगात कमी बोललं जाईल, हा तेव्हाचा साधा नियम होता.

हार्लेमच्या बार्टेल्योरिसस्ट्राट या रस्त्यावर टेन बूम घराण्याचं घड्याळांचं दुकान होतं, १८३७ सालापासूनचं. म्हातारे कास्पर आणि त्यांच्या पन्नाशी ओलांडलेल्या दोन अविवाहित मुली, बेट्सी आणि कॉरी, दुकानाच्या वरच राहत. कॉरी ही परवाना मिळवणारी हॉलंडमधली पहिली घड्याळजी स्त्री. तिनं पुढं लिहिलेल्या आठवणींत शिधावाटप कचेरीतल्या एका कारकुनाची हकिकत आहे. कूपनं नाहीशी झाली तर संशय त्याच्यावरच येणार, म्हणून त्यानं दरोड्याचं नाटक रचलं. नाटक पटावं म्हणून मित्राकडून तोंडावर खरा मार खाल्ला. त्यातून कॉरीच्या हाती शंभर शिधापत्रिका आल्या.

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत एक खोटी भिंत उभी राहिली. विटा हातातल्या बॅगांतून, थोड्या थोड्या करून आत आल्या. भिंतीमागं जेमतेम पाऊण मीटर खोल फट. आत शिरायचं ते कपाटाच्या तळच्या फळीतून, रांगत. धोक्याची घंटा वाजली की पळायचा सराव पुन्हा पुन्हा होई. सराव नुसता पळण्याचा नव्हता. ताटावरून उठताना उष्टं ताट घेऊन उठायचं, म्हणजे टेबलावर घरातल्यांपेक्षा जास्त ताटं दिसत नाहीत. रात्र असेल तर गादी उलटी करायची, कारण झोपलेल्या माणसाची ऊब गादीत राहते आणि झडती घेणारा आधी गादीवर हात फिरवतो.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी धाड पडली. दुकानात येत गेलेल्यांसह तीसेक माणसं पकडली गेली, पण भिंतीमागचे सहा सापडले नाहीत. ते दोन दिवसांनी, एका भल्या पोलिसाच्या मदतीनं बाहेर पडले. चौऱ्याऐंशी वर्षांचे कास्पर अटकेनंतर दहा दिवसांत वारले. बेट्सी त्या डिसेंबरात राव्हेन्सब्र्युकच्या छावणीत वारली.

ॲमस्टरडॅममधली पाळणाघराची हकिकत याच्याही पुढची आहे. पकडलेल्या ज्यूंना वेस्टरबोर्कला पाठवण्याआधी हॉलंड्शे स्खाउबुर्ख या नाट्यगृहात कोंडत. खुर्च्या काढून टाकलेल्या त्या अंधाऱ्या सभागृहात लहान मुलांची रड पहारेकऱ्यांना सहन होईना, म्हणून मुलं समोरच्या पाळणाघरात ठेवायला सुरुवात झाली. ते चालवत होत्या हेन्रिएटे पिमेंटेल, स्वतः ज्यू. नाट्यगृहातल्या नोंदी सांभाळायचं काम वाल्टर झ्यूस्किंड या जर्मनीतून आलेल्या ज्यू गृहस्थाकडे होतं. अधिकाऱ्यांशी गोड बोलत, त्यांना दारू पाजत त्यानं यादीतून मुलांची नावं उडवली. पाळणाघराच्या लगत एक शिक्षक-प्रशिक्षण विद्यालय होतं. त्याचे प्रमुख योहान व्हान हुल्स्ट यांनी मागच्या कुंपणावरून मुलं आपल्याकडे घ्यायला होकार दिला. तिथून कपड्यांच्या टोपल्यांत, पोत्यांत, पाठीवरच्या पिशव्यांत घालून ती बाहेर पडत. दारासमोर ट्राम येऊन थांबली की पलीकडच्या पहारेकऱ्याला इकडचं काही दिसत नसे. परिचारिका मूल घेऊन त्या आडोशानं निघून जात.

सुमारे ६०० मुलं अशी वाचली. पण प्रत्येक वेळी आधी नाट्यगृहात जाऊन आईबापांना विचारावं लागायचं: मूल द्याल का? कुणाला देतोय, कुठं जाणार, हे सांगता येणार नाही. कित्येकांनी नाही म्हटलं, आणि ते समजण्यासारखं होतं. २९ सप्टेंबर १९४३ रोजी पाळणाघर रिकामं करण्यात आलं. पिमेंटेलबाई ऑश्विट्झमध्ये मारल्या गेल्या, झ्यूस्किंडही १९४५च्या फेब्रुवारीत गेला. व्हान हुल्स्ट पुढं संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले आणि २०१८ साली १०७व्या वर्षी वारले. शेवटपर्यंत ते म्हणत राहिले की आठवतात ती न वाचवता आलेली मुलं.

मुलं जायची कुठं, हेही विचार करून ठरे. सोनेरी केसांची उत्तरेला फ्रीसलांडमध्ये, काळ्या केसांची दक्षिणेला लिम्बुर्खमध्ये, जिथं ती खाणकामगारांच्या पोरांत मिसळून जातील. हे काम विद्यार्थ्यांच्या आणि तरुणांच्या छोट्या गटांनी केलं. उट्रेख्टच्या विद्यार्थ्यांच्या गटानं पैशासाठी एक युक्ती काढली. गोळ्या घातल्या गेलेल्या अठरा जणांवरची यान काम्पर्ट यांची कविता त्यांनी चोरून छापली आणि पाच गिल्डरला एक प्रत अशी विकली. हजारो प्रती खपल्या, मुलांच्या जेवणाखाण्याचा खर्च निघाला. त्या छपाईतून उभी राहिलेली डे बेझिगे बाय ही प्रकाशनसंस्था आजही हॉलंडमधल्या नामवंत प्रकाशकांत गणली जाते.

पूर्वेकडच्या ड्रेंटे प्रांतात न्यूलांडे नावाचं खेडं आहे. शेतकरी योहानेस पोस्ट, आर्नोल्ड डाउवेस नावाचा तरुण आणि स्वतः ज्यू असलेला मॅक्स लेऑन्स यांनी तिथं घराघरांत माणसं ठेवली. डाउवेसनं त्या काळात रोजनिशी लिहिली आणि ती जमिनीत पुरून ठेवली. तिच्यात गावाचं जे चित्र दिसतं ते संतांच्या मेळ्याचं नाही. शेतकरी कां-कू करतात. मग ‘दोन रात्रींचाच प्रश्न आहे’ असं सांगून पाहुणा आत घुसवायचा, आणि दोन रात्रींचे दोन महिने होऊ द्यायचे. कुणाच्या देवभीरूपणाला हात घालायचा, कुणाला भिडेत पाडायचं. एकदा पाहुणा ओट्यापाशी बसून बटाटे सोलू लागला की त्याला बाहेर काढणं यजमानालाच जड जाई. पोस्टला जर्मनांनी १९४४च्या जुलैत गोळ्या घातल्या. १९८५ साली इस्रायलच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेनं न्यूलांडे आणि परिसरातल्या शंभरावर लोकांना एकत्रित सन्मान दिला.

लपणाऱ्यांसाठी देशपातळीवरची संघटना उभी राहिली ती १९४२च्या अखेरीला, विंटर्सवाइकच्या हेलेना काउपर्स-रीटबर्ख या पाच मुलांच्या आईच्या आग्रहातून. सगळे त्यांना टांटे रीक, म्हणजे रीकमावशी म्हणत. त्यांनी फ्रिट्स स्लोम्प या पाद्र्याला गावोगाव फिरून घरं मिळवायच्या कामाला लावलं. मग जिल्ह्याजिल्ह्यांचे प्रतिनिधी ठरावीक दिवशी भेटत आणि बाजार भरल्यासारखं काम चाले: माझ्याकडे तीन तरुण आहेत, तुझ्याकडे शेत आहे का? या संघटनेच्या सशस्त्र शाखेनं शिधा कचेऱ्या लुटल्या. जानेवारी १९४४मध्ये टिलबुर्खच्या नगरपालिकेतून एक लाखावर नियंत्रण-तिकिटं पळवली गेली, कारण जर्मनांनी भूमिगतांना उपाशी मारण्यासाठी नवी शिधापत्रिका काढली होती. शेवटच्या वर्षात बँकर वाल्राव्हेन व्हान हाल यानं मध्यवर्ती बँकेतले खरे रोखे काढून तिथं बनावट ठेवले आणि कोट्यवधी गिल्डर उभे केले.

मात्र हे सगळं यंत्र जोरात फिरू लागलं तोवर फार उशीर झाला होता. १९४३च्या उन्हाळ्यात जर्मनीत सक्तीच्या मजुरीला न्यायची भीती डच तरुणांच्या घरांपर्यंत आली, तेव्हा दारं भराभर उघडली. अखेरीला तीनेक लाख लोक भूमिगत होते. पण ज्यूंच्या गाड्या आधीच्या उन्हाळ्यापासून सुटत होत्या. लपलेल्या ज्यूंचा आकडा पंचवीस ते अठ्ठावीस हजारांच्या घरातला धरतात, आणि त्यांतला जवळपास तिसरा हिस्सा तरी पकडला गेला. एकंदर १,०२,००० डच ज्यू मारले गेले, म्हणजे चारातले जवळजवळ तीन. पश्चिम युरोपात इतकं मोठं प्रमाण दुसऱ्या देशात नाही. याद वाशेमच्या सन्मानयादीत पोलंडखालोखाल हॉलंडचीच नावं आहेत, साडेपाच हजारांहून जास्त. एकाच देशाचे हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

पकडून देणारेही शेजारीच होते. १९४३मध्ये ॲमस्टरडॅममध्ये विम हेन्नाइके याची पन्नासेक डच माणसांची टोळी दर ज्यूमागे साडेसात गिल्डर बक्षीस घेऊन काम करत होती. काही महिन्यांत तिनं हजारो माणसं जर्मनांच्या हवाली केली. घर देणाऱ्यांतही सगळे सारखे नव्हते. काहींनी खाण्याराहण्याचा वाजवी खर्च घेतला, जो गरीब घराला परवडण्यासाठी लागायचाच. काहींनी पाहुण्याचे दागिने संपेपर्यंतच आसरा दिला. काही मुलांच्या वाट्याला फुकटचं राबणं आणि मारहाण आली, काहींच्या वाट्याला त्याहून वाईट.

या गुंत्याला न्याय दिला तो त्या काळातून गेलेल्यांनीच लिहिलेल्या पुस्तकांनी. योहाना राइस यांची १९७२ची ‘द अपस्टेअर्स रूम’ ही आत्मचरित्रात्मक बालकादंबरी आहे. विंटर्सवाइकच्या गुरांच्या व्यापाऱ्याच्या दोन मुली, ॲनी आणि सिनी, उसेलो गावच्या शेतकऱ्याकडे दोन वर्षांहून जास्त राहिल्या. शेतकरी योहान बोलायला रांगडा, बायको डींत्ये सतत घाबरलेली, म्हातारी ओपू तोंडाची फटकळ. तिघं मुलींवर वैतागतात, एकमेकांवर ओरडतात, त्यांना ठेवून घेतात. मध्यंतरी जर्मन सैनिक त्याच घरात तळ ठोकतात, आणि मुली वरच्या खोलीत आवाज न करता दिवस काढतात. ॲनीच्या पायांतली शक्ती न चालल्यामुळे जाऊ लागते, तेव्हा बहीण तिला खोलीतल्या खोलीत व्यायाम करायला लावते. हारी मुलिश यांच्या १९८२च्या ‘डे आनस्लाख’ कादंबरीत हार्लेममधल्या एका रस्त्यावरचा खून एका निरपराध कुटुंबाच्या गळ्यात येतो. शेजाऱ्यांनी प्रेत त्यांच्या दारासमोर का ढकललं याचं उत्तर नायकाला कित्येक दशकांनी मिळतं, आणि त्या उत्तरात तिसऱ्या घरातले लपलेले ज्यू असतात. एका घरातला आसरा दुसऱ्या घरावर काय आणू शकतो, हे त्या एका तपशिलात येतं.

मे १९४५मध्ये देश मुक्त झाला आणि लपवलेल्या मुलांचा वेगळाच प्रश्न पुढं आला. दोनेक हजार मुलांचे आईबाप परतले नव्हते. मूल नातेवाइकांना द्यायचं, ज्यू संस्थेला, की ज्या आईला ते आता आई म्हणतं तिला? यासाठी सरकारनं आयोग नेमला. अध्यक्ष होत्या खेसिना व्हान डेर मोलेन, युद्धात स्वतः मुलं वाचवलेल्या कर्मठ प्रोटेस्टंट विदुषी. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचा मुलांवर हक्क आहे, असं त्यांना वाटे. ज्यू समाजाला वाटे, उरलेली मुलंही आता धर्मांतरात जाणार. वाद वर्षानुवर्षं चालले. १९५०च्या दशकात एका मुलीला कॅथलिक पालकांनी न्यायालयाचा आदेश धुडकावून देशाबाहेर दडवून ठेवलं. ज्यांनी तिला जर्मनांपासून लपवलं, ते आता तिला तिच्याच समाजापासून लपवत होते.

इंग्लंडमधले प्राध्यापक बार्ट व्हान एस यांनी अशाच एका नात्याचा माग काढला. त्यांच्या आजीआजोबांनी डॉर्ड्रेख्टमध्ये लीन या आठ वर्षांच्या मुलीला ठेवून घेतलं होतं. युद्धानंतर ती त्याच घरात वाढली, आणि पुढं कधीतरी तिचं त्या कुटुंबाशी बिनसलं, बोलणं बंद झालं. नातवानं तिला ऐंशी उलटल्यावर शोधून काढलं, अनेक बैठकांत तिची हकिकत ऐकली. दुसऱ्या घरात तिच्यावर झालेले अत्याचारही त्यात होते, आणि आपल्या आजीशी तिचं का तुटलं हेही. ‘द कट आउट गर्ल’ हे त्यांचं पुस्तक २०१८च्या कोस्टा पुरस्काराचं मानकरी ठरलं.